पाहुण्या कोपऱ्यातला

31 ऑक्टोबर 2008 च्या रात्री बर्मिंगहॅममध्ये पीटर बकली या एकोणचाळीस वर्षांच्या बॉक्सरने मातीन मोहम्मद नावाच्या नवख्या पोराला चार फेऱ्यांच्या लढतीत 40-38 असे हरवले. पाच वर्षांतला हा त्याचा पहिला विजय. त्या रात्री त्याने हातमोजे उतरवले ते कायमचे. एकोणीस वर्षांच्या कारकिर्दीचा जमाखर्च असा होता: लढती 300, विजय 32, बरोबरी 12, पराभव 256. ‘जगातला सर्वांत वाईट बॉक्सर’ असे मथळे देऊन वर्तमानपत्रांनी आपली हौस भागवून घेतली.

मथळे देणाऱ्यांनी आणखी एक आकडा बघायला हवा होता. त्या 256 पराभवांपैकी जेमतेम दहा वेळा बकलीची लढत वेळेआधी थांबवावी लागली. उरलेल्या सगळ्या वेळी तो शेवटची घंटा होईपर्यंत स्वतःच्या पायांवर उभा होता आणि गुणांवर हरला होता. समोर कोण होते तेही पाहण्यासारखे आहे. नसीम हमीदशी तो दोनदा लढला. हा हमीद 1995 मध्ये विश्वविजेता झाला आणि पुढे त्याच्या एकेका ठोशाची जगभर चर्चा झाली. 1992 मधल्या पहिल्या गाठीत बकलीने त्याच्यासमोर सहाही फेऱ्या काढल्या. ड्यूक मॅकेंझी तर तीन वेगवेगळ्या वजनगटांत विश्वविजेता झालेला. केल ब्रूक हा 2014 मध्ये वेल्टरवेट गटाचा विश्वविजेता ठरला. त्याची 2004 मधली पहिलीवहिली व्यावसायिक लढत बकलीशीच होती. सुरुवातीच्या वर्षांत बकलीने मिडलँड्स विभागाचा किताबही जिंकला होता. म्हणजे त्याला बॉक्सिंग येत नव्हते असे म्हणायची सोय नाही. मग माणूस 256 वेळा हरतो कसा? आणि हरूनही पुन्हा पुन्हा त्याला बोलावणे का येते?

याचे उत्तर बॉक्सिंगच्या गल्ल्यात आहे.

फुटबॉल किंवा क्रिकेटमध्ये संघ ठरलेले असतात, वेळापत्रक असते, कोण कोणाशी खेळणार हे कोणीतरी तटस्थपणे ठरवतो. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये लढत जुळवली जाते. प्रमोटर सभागृह घेतो, तिकिटे छापतो, आणि कुठल्या बॉक्सरसमोर कोण उभा करायचा हे त्याचा जुळवणी करणारा माणूस ठरवतो. आता नव्याने व्यावसायिक झालेला वीस वर्षांचा पोरगा घ्या. त्याच्या नावापुढे दहा लढती, दहा विजय असे लिहिलेले असले तर टीव्हीवाले त्याच्याकडे वळून बघतात. दहांत तीन पराभव असले तर कोणी विचारत नाही. हे दहा विजय कोणाविरुद्ध मिळवायचे? दोन्ही बाजूंना होतकरू पोरे उभी केली तर दर लढतीत एकाचा कोरा कागद मळणार, आणि त्याच्यावर पैसा लावलेल्या प्रमोटरचेही नुकसान होणार. म्हणून असा माणूस लागतो ज्याला सगळे डाव माहीत आहेत, जो पोराला चार फेऱ्या काम देईल, त्याच्या चुका त्याला दाखवून देईल, आणि शेवटी हरेल. इंग्लंडमध्ये अशा बॉक्सरला ‘जर्नीमन’ म्हणतात. पोस्टरवर ज्याचे नाव मोठ्या अक्षरांत असते तो घरच्या कोपऱ्यातून येतो, जर्नीमन पाहुण्या कोपऱ्यातून.

इथे वाचकाच्या मनात शंका येणारच: म्हणजे ही लुटुपुटूची लढाई झाली! तसे मात्र नाही. कोणी कोणाला पैसे देऊन ‘तिसऱ्या फेरीत पड’ असे सांगत नाही, आणि तसे केल्याचे सिद्ध झाले तर परवाना जातो. गरजच पडत नाही. ब्रिटनमध्ये लहान लढतींचा निकाल एकटा पंच देतो. कडेला बसलेले तीन गुणलेखक फक्त मोठ्या, किताबाच्या लढतींना असतात. सभागृहात तीन-चारशे लोक घरच्या पोराच्या नावाने ओरडत असतात. त्याचा हुकलेला ठोसाही जोरात टाळ्या घेतो. पाहुण्याने नेमका मारलेला ठोसा शांततेत विरून जातो. पाहुण्याला जिंकायचे तर इतके उघड जिंकावे लागते की पंचाला दुसरा मार्गच उरू नये. आणि तसे जिंकलेच, तर पुढचे तीन महिने त्याचा फोन वाजत नाही. कोणत्या प्रमोटरला आपल्या पोराचा कागद मळवून घ्यायचा आहे? एका विजयाची किंमत पाच-सहा बिदाग्या असेल, तर घरभाडे भरणारा माणूस काय निवडेल ते सांगायला ज्योतिषी नको. ही सौदेबाजी कोणी तोंडाने करत नाही. ती सगळ्यांना ठाऊक असते, इतकेच. हे प्रामाणिक की अप्रामाणिक, यावर मला झटकन निकाल देता येत नाही. पंचाहून माझी अडचण मोठी आहे.

या धंद्यात लपवाछपवीही फारशी नव्हती. बर्मिंगहॅमचे नॉबी नॉब्स हे बकलीसारख्यांचे मॅनेजर. आपल्या ताफ्याला त्यांनी खुशाल ‘लूझर्स अनलिमिटेड’ असे नाव देऊन टाकले होते. दुपारी फोन आला की अमुक गावातल्या आजच्या लढतीतला पाहुणा आजारी पडला आहे, तर संध्याकाळपर्यंत माणूस तिथे हजर. त्यासाठी हातमोजे, बूट आणि दातांचे कवच गाडीच्या डिकीत कायमचे पडलेले असायचे. वजन वर्षभर आटोक्यात ठेवायचे, कारण बोलावणे कधी येईल याचा नेम नाही. अमुक लढतीसाठी तीन महिने सराव वगैरे चैन पोस्टरवरच्या नावांना.

आता पैशांकडे येऊ. गेल्या दशकात ब्रिटनमध्ये चार फेऱ्यांच्या लढतीसाठी जर्नीमनला साधारण हजार ते पंधराशे पौंड मिळत. समजा बाराशे मिळाले. मॅनेजरचा वाटा पंचवीस टक्क्यांपर्यंत असतो, म्हणजे तीनशे गेले. ट्रेनरला दहा टक्के रिवाजाने, म्हणजे एकशेवीस. उरले 780. यातूनच पेट्रोल, आणि परवाना टिकवण्यासाठी दरवर्षी करावी लागणारी मेंदूची एमआरआय तपासणी, रक्ततपासण्या, परवान्याची फी. वर उत्पन्नावरचा कर वेगळा. वर्षाला तीस लढती केल्या तरी खर्च वजा जाण्याआधी हाती 23,400 पौंड. 2013 च्या सुमाराला ब्रिटनमधल्या पूर्णवेळ नोकरदाराचे मध्यम वार्षिक उत्पन्न 27,000 पौंडांच्या आसपास होते, आणि त्या नोकरदाराला त्यासाठी कोणी तोंडावर मारत नव्हते. म्हणून बहुतेक जर्नीमन दिवसा दुसरे काम करतात. पूर्व लंडनचा जॉनी ग्रीव्ह्ज घरे रंगवायचा. शनिवारी रात्री सुजलेला डोळा घेऊन घरी यायचे आणि सोमवारी शिडीवर चढायचे.

एवढे वाचून घरच्या कोपऱ्यातला पोरगा मजेत असेल असे वाटेल. त्याची कथा तर आणखी गमतीची. लहान सभागृहांतल्या लढतींना टीव्हीचे पैसे नसतात. सगळा खेळ तिकिटांवर. आणि तिकिटे खपवतो कोण? बॉक्सर स्वतः. प्रमोटर त्याच्या हातात शंभर तिकिटांचा गठ्ठा ठेवतो. काका, मामा, शाळेतले मित्र, कामावरचे लोक, पबमधले ओळखीचे, जो भेटेल त्याला तिकीट. धरून चालू, पस्तीस पौंडांची शंभर तिकिटे खपली, जमले 3,500. यातून समोरच्याची बाराशेची बिदागी पोरानेच द्यायची! लग्नात मुलीकडच्यांनी वऱ्हाडाच्या जेवणाचाही खर्च उचलावा, तसली ही रीत. शिवाय सभागृह, पंच, डॉक्टर यांच्या खर्चातला त्याचा हिस्सा. मग जे उरेल त्यात मॅनेजर आणि ट्रेनर. सत्तरच तिकिटे गेली तर पोरगा स्वतःच्या विजयासाठी पदरचे पैसे भरून घरी जातो. पुष्कळ गुणी मुले अशी संपली: ठोसा चांगला होता, पण ओळखी कमी पडल्या. उलट एखादा सुमार बॉक्सर, ज्याच्यामागे गावची फुटबॉल-वेडी टोळी आहे, वर्षानुवर्षे घरच्या कोपऱ्यातून येत राहतो. जर्नीमन होण्याचा एक रस्ता इथूनच फुटतो. तिकिटे खपवून कंटाळलेला बॉक्सर एक दिवस मॅनेजरला सांगतो, मला पाहुण्या कोपऱ्यात टाका. तिथे निदान ठरलेली रक्कम मिळते.

लहान प्रमोटरला सरसकट खलनायक ठरवणेही योग्य नाही. त्याचा खर्च का वाढला, यामागे एक दुःखद रात्र आहे. 21 सप्टेंबर 1991 रोजी लंडनच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर क्रिस युबँकशी लढताना मायकेल वॉटसनच्या मेंदूत रक्तस्राव झाला. रिंगजवळ त्याला तातडीने सावरण्याची वैद्यकीय व्यवस्था पुरेशी नव्हती. तो चाळीस दिवस बेशुद्ध होता आणि शुद्धीवर आला तो अर्धे शरीर लुळे घेऊन. त्याने परवाने देणाऱ्या ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डावर दावा लावला. 2000 साली अपील न्यायालयानेही बोर्डाची जबाबदारी मान्य केली. अखेर चार लाख पौंडांवर तडजोड झाली. ती रक्कम उभी करताना बोर्डाला लंडनमधले मुख्यालय विकावे लागले. आता त्याचे कार्यालय कार्डिफला आहे. तेव्हापासून लढत केवढीही लहान असो, रिंगजवळ प्रशिक्षित डॉक्टर आणि रुग्णवाहिका हजर हवीच. हे व्हायलाच हवे होते. फक्त त्याचे पैसे तीनशे प्रेक्षकांच्या सभागृहातही तेवढेच पडतात, आणि ते फिरून पोराच्या तिकिटांच्या गठ्ठ्यात येऊन बसतात.

शिखरावर मात्र वेगळेच जग. मे 2015 मध्ये लास व्हेगासला फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅक्वियाओ यांची लढत झाली. अमेरिकेत 46 लाख ग्राहकांनी ती पैसे भरून टीव्हीवर पाहिली, आणि एकट्या मेवेदरची त्या रात्रीची कमाई वीस कोटी डॉलरच्या वर गेली. त्या दोघांची आणि बकलीची परवान्यावरची ओळख एकच: व्यावसायिक बॉक्सर.

भारतीय वाचकाने हा सगळा व्यवहार एकदा फार जवळून पाहिलेला आहे, नकळत का होईना. बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा विजेंदर सिंग 2015 मध्ये इंग्लंडमध्ये व्यावसायिक झाला. ऑक्टोबरमध्ये मँचेस्टरला सोनी व्हाइटिंग, नोव्हेंबरमध्ये डब्लिनला डीन गिलन, डिसेंबरमध्ये पुन्हा मँचेस्टरला बल्गेरियाचा समेत ह्युसेइनोव्ह. तिन्ही लढती त्याने वेळेआधी संपवल्या. आपल्याकडे रात्री बातम्यांत ‘विजेंदरचा दणका’ वगैरे झाले. समोरचे कोण, कुठले, हे कोणी विचारले नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती. ते पाहुण्या कोपऱ्यातले. याच पद्धतीने विजेंदरचा हिशेब बारा लढती, बारा विजय इथवर पोचला. मग 19 मार्च 2021 रोजी पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या ‘मॅजेस्टिक प्राइड’ या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर रशियाचा अर्तिश लोपसान आला. त्याच्या नावावर तोवर जेमतेम सहा लढती होत्या. त्याने पाचव्या फेरीत विजेंदरला थांबवले. जुळवणी करणाऱ्यांचा अंदाज कधी कधी असा चुकतो. पाहुणा नेहमीच पाहुण्यासारखा वागेल याची हमी नसते. बल्गेरिया, लॅटव्हिया, निकाराग्वा अशा देशांतून स्वस्तात येणारे हे बॉक्सर ब्रिटिश जर्नीमनचे पोट मारतात, हीदेखील त्या धंद्यातली जुनी तक्रार आहे.

बकलीच्या त्या दहाच्या आकड्याकडे परत येऊ, कारण खरे कसब तिथे आहे. ब्रिटनमध्ये बॉक्सर ठोशांनी खाली पडून थांबवला गेला, तर त्याला किमान 28 दिवस लढता येत नाही. सतत बोलावणी येणाऱ्या माणसाचा महिन्याचा पगार बुडाला. पोस्टरवरच्या पोराला हरण्याची भीती. जर्नीमनला हरण्याचे काही नाही, त्याला थांबवले जाण्याची भीती. म्हणून त्याची सगळी विद्या त्या बाजूला वाढते. हनुवटी खांद्याच्या आड. ठोसा येताना डोके दोन बोटे मागे, म्हणजे लागला तरी जोर गेलेला. बाकीचे कोपरांवर आणि हातमोज्यांवर घ्यायचे. पोरगा रंगात आला की त्याला मिठी मारायची आणि पंचाने सोडवेपर्यंत दम खायचा. पाय दोरांपासून किती अंतरावर आहेत हे न बघता कळायला हवे. तो फार आक्रमक झालाच, तर एक कडक ठोसा मारून दाखवायचा, म्हणजे पुढची दोन मिनिटे तो जपून वागतो. फार कडकही नको. त्याला जखम झाली तर त्याची पुढची लढत रद्द, आणि प्रमोटरचे तोंड वाकडे. ननीटनचा क्रिस्टियन लेट याने तर बकलीवरही ताण केली. 2003 ते 2018 या काळात 300 लढती, 12 विजय, 9 बरोबरी, 279 पराभव, आणि वेळेआधी थांबला तो फक्त पाच वेळा. त्याला सगळे ‘मिस्टर रिलायबल’ म्हणत. पंधरा वर्षे सरासरी दर अडीच आठवड्यांनी एक लढत. एवढ्या वेळा रिंगमध्ये जाऊन इतका कमी मार खाणारा माणूस अनाडी असूच शकत नाही.

कमी मार म्हणजे मात्र शून्य मार नव्हे. मेंदू निकाल मोजत नाही. 1928 मध्ये न्यू जर्सीतले विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध लिहिला. बॉक्सरांमध्ये दिसणारी अडखळती चाल, जड जीभ आणि मंदावलेली बुद्धी यांचा त्यात पहिल्यांदा वैद्यकीय विचार झाला. पुढे 1969 मध्ये ए. एच. रॉबर्ट्स यांनी ब्रिटनमध्ये फार शिस्तशीर पाहणी केली. 1929 ते 1955 या काळात नोंदणी झालेल्या हजारो व्यावसायिकांमधून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे 250 जण निवडले आणि त्यांतल्या 224 जणांना तपासले. 37 जणांच्या, म्हणजे सुमारे 17 टक्क्यांच्या, मज्जासंस्थेत बॉक्सिंगमुळे झालेली इजा आढळली. कारकीर्द जितकी लांब आणि लढती जितक्या जास्त, तितके हे प्रमाण वाढलेले होते. तेव्हाचे नियम ढिले होते, वैद्यकीय तपासण्या तोकड्या होत्या, हे खरे. आजच्या बॉक्सरला ते 17 टक्के जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण लढतींच्या संख्येचा मुद्दा जर्नीमनच्या वर्मावरच बोट ठेवतो. विश्वविजेता अख्ख्या कारकिर्दीत चाळीस-पन्नास लढती करतो. इथे तीनशे. शिवाय सरावातला मार वेगळाच. तो कुठल्या वहीत लिहिलेला नसतो.

मग निवृत्त कधी व्हायचे? विजेत्याला ते कळते, निदान कळायला हवे: किताब गेला, थांबा. ज्याच्याकडे हरण्यासारखे काही नाही त्याला खूण कोण पटवणार? म्हणून हे लोक आकडा धरतात. बकलीने आणि लेटने तीनशेचा धरला, ग्रीव्ह्जने शंभराचा. 29 सप्टेंबर 2013 ला ग्रीव्ह्जची शंभरावी लढत लंडनच्या यॉर्क हॉलमध्ये झाली. बेथनल ग्रीन भागातले हे 1929 मध्ये बांधलेले सभागृह म्हणजे ब्रिटिश बॉक्सिंगची पंढरी. हजार-बाराशे माणसे मावतात आणि वरच्या सज्जातला माणूसही रिंगमधला घाम बघू शकतो. तोवर ग्रीव्ह्जच्या नावावर तीन विजय आणि 96 पराभव होते. त्या रात्री लोक त्याच्यासाठी आले होते. समोर डॅन कार होता, हरण्याच्या धंद्यात त्याच्यासारखाच मुरलेला. ग्रीव्ह्ज गुणांवर जिंकला, चौथ्यांदा. एका रात्रीपुरता तो घरचा झाला आणि दुसऱ्या कोणाला पाहुणा व्हावे लागले. लोकांना ही गोष्ट गोड वाटते. मला त्यात कार दिसतो. त्याच्याही निरोपाच्या रात्री समोर उभे राहायला कोणीतरी लागणारच.

दुसऱ्या दिवसापासून काय? जर्नीमन कोणाचा नोकर नसतो. त्याला ग्रॅच्युइटी नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, बॉक्सिंगकडून निवृत्तिवेतन नाही. दिवसाचा धंदा सांभाळलेला असेल तर ठीक. काही जण ट्रेनरचा किंवा मॅनेजरचा परवाना काढून त्याच सभागृहांत कोपऱ्याच्या बाहेरच्या बाजूला उभे राहतात. अडल्या-नडल्याला बोर्डाची धर्मादाय संस्था थोडीफार मदत करते. लंडनमध्ये 1971 पासून माजी बॉक्सरांची संघटना आहे. तिथे लोक भेटतात, जुन्या लढती पुन्हा लढतात. रिंगसाइड चॅरिटेबल ट्रस्ट ही अलीकडची संस्था आजारी, विस्मृती झालेल्या माजी बॉक्सरांसाठी काळजीगृह उभारण्याच्या खटपटीत आहे. ज्या खेळात एका रात्रीत वीस कोटी डॉलर फिरतात, त्यात या कामासाठी वर्गणी गोळा करावी लागते.

सरकारी पातळीवर बॉक्सरांना निवृत्तिवेतन देणारे अमेरिकेत एकच राज्य आहे, कॅलिफोर्निया. 1982 मध्ये सुरू झालेल्या या योजनेचा पैसा तिकिटांवरच्या छोट्या आकारातून येतो: तिकिटामागे 88 सेंट. पात्र व्हायचे तर राज्यात ठरलेल्या काळात, मोठा खंड न पडू देता, ठरावीक वर्षे मिळून किमान 75 फेऱ्यांच्या लढती कराव्या लागतात, आणि पन्नाशी गाठावी लागते. जिंकलात की हरलात हे कोणी विचारत नाही. फेऱ्या मोजल्या जातात. चार फेऱ्यांच्या एकोणीस लढती केल्या की 76 होतात. बकली किंवा लेट तिथे असता तर एवढ्या फेऱ्या त्याने वर्ष-सव्वा वर्षात पार केल्या असत्या. पण कॅलिफोर्नियातही पात्र ठरलेले कित्येक बॉक्सर आपले पैसे घ्यायला येत नाहीत. असे काही मिळते हेच त्यांना कोणी सांगितलेले नाही, आणि सरकारी दप्तरातला त्यांचा पत्ता ते लढत होते तेव्हाचा आहे.